न मोजलेलं तापमान

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा बसस्टॉप आहे. पुण्यात नव्याने आलेल्या मंडळींना वाटतं की इथे हिमाचल टुरिझमचं काहीतरी कार्यालय असणार. तसं काही नाही. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून उचलून पुण्याला आणलं, त्याच्यासाठी दगडी इमारत बांधली, आणि लोक तिला सिमला ऑफिस म्हणायला लागले. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. पुणेकरांनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं!

आज लिहायचंय ते या इमारतीबद्दल नाही, तर या खात्याच्या मागे जन्मापासून लागलेल्या एका प्रश्नाबद्दल. जिथे थर्मामीटर नाही, तिथलं तापमान किती? आणि तिथे चाळीस वर्षांपूर्वी किती होतं? हिमालयातल्या हिमनद्या वितळतायत हे आपण रोज वाचतो. पण पाच हजार मीटर उंचीवर, जिथे माणूस वर्षातून एकदा कसाबसा पोचतो, तिथे १९८३ सालच्या जुलैमध्ये किती अंश होते हे कोणी पाहिलंय? कोणीच नाही. तरीही त्या जुलैचा आकडा आज शोधनिबंधांत सापडतो, तोही तासातासाचा. हा आकडा येतो कुठून, आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, ही आजची गोष्ट. तिची सुरुवात मात्र हिमालयात होत नाही. ती आमच्याकडे होते, दुष्काळात.

आमचं गाव मिरजगाव. तालुका कर्जत, जिल्हा नगर (आता अहिल्यानगर). हे कर्जत म्हणजे लोकलवालं कर्जत नव्हे, हे मुंबईच्या मित्रांना दर वेळी सांगावं लागतं. नगर-सोलापूर रस्त्यावर आहे, ज्वारीचा मुलूख, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पावसाळी ढग घाटमाथ्यावर रिकामे होऊन आमच्याकडे येतात ते नुसते बघायला. १८७६ साली तर तेही धड आले नाहीत. दख्खनच्या पठारावर आणि मद्रास इलाख्यात पावसाने दगा दिला, पुढच्या वर्षी तो उत्तरेतही ओढला, आणि १८७६ ते ७८ या काळात ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली, असं पुढे सरकारच्याच दुष्काळ आयोगाने मान्य केलं. नगर जिल्हा या पट्ट्याच्या मध्यात होता. दौंड-मनमाड रेल्वेचं काम तेव्हा दुष्काळी काम म्हणून चाललं. आज त्या मार्गाने पुण्याहून नगरला जाताना भरावाखालची माती कोणी टाकलीय, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

त्याच दुष्काळात आकड्यांवरून एक मोठं भांडण झालं. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल असं ठरवलं (वर थोडे पैसे), आणि दुष्काळी कामांवरच्या लोकांनी त्या मजुरीवर काम करायला नकार देऊन कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपली माणसं तालुक्यातालुक्यांत पाठवून प्रत्यक्ष माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे टाकली. वरून केलेला हिशोब आणि जमिनीवर जाऊन घेतलेली नोंद यांच्यातला हा झगडा. तो पुढेही येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

हवामान खातं तेव्हा नुकतंच, म्हणजे १८७५ साली, सुरू झालं होतं. १८६४ सालच्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाने आणि मग १८६६ आणि १८७१ साली फसलेल्या पावसाळ्यांनी सरकारला पटलं होतं की प्रत्येक प्रांताने आपापल्या वह्या लिहून चालणार नाही. हेन्री ब्लॅनफर्ड हा पहिला प्रमुख. मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. खातं जेमतेम वर्षाचं होतंय तोवर हा दुष्काळ. बिचाऱ्याला पहिल्याच रिलीजला एवढा मोठा प्रॉडक्शन इश्यू! सगळे विचारणार की पाऊस का आला नाही आणि पुढच्या वर्षी येईल का.

ब्लॅनफर्डने जे उत्तर शोधलं ते १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आलं. त्याचं म्हणणं असं की वायव्य हिमालयात जेव्हा नेहमीपेक्षा जास्त, आणि विशेषतः उशिरा, बर्फ पडतं तेव्हा त्यानंतर खालच्या मैदानात कोरडे वारे वाहतात आणि पाऊस ओढतो. बर्फामुळे जमीन तापायला वेळ लागतो, आणि जमीन तापल्याशिवाय मान्सूनला ओढ नाही, अशी साधारण कल्पना. यावरून त्याने १८८२ पासून खात्यापुरते अंदाज काढले, आणि ४ जून १८८६ रोजी पावसाळ्याचा पहिला अधिकृत दीर्घ मुदतीचा अंदाज जाहीर झाला. आज आपण एप्रिल महिन्यात ज्या 'सरासरीच्या इतके टक्के' बातमीची वाट बघतो, तिचा हा खापर-खापर-पणजोबा.

आता गंमत बघा. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याचं भवितव्य ज्या बर्फावर अवलंबून आहे असं हा माणूस म्हणतोय, ते बर्फ त्याने मोजलं कसं? मोजलंच नाही. डोंगरी जिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांकडून अहवाल यायचे: यंदा बर्फ जास्त आहे, अमुक खिंड अजून बंद आहे, वगैरे. वर ना थर्मामीटर, ना बर्फमापक. शिखरांवरच्या परिस्थितीचा अंदाज खालून, डोळ्यावर हात धरून. पद्धत तोकडी होती, पण प्रश्न एकदम योग्य होता, असं मला वाटतं. तो प्रश्न पुढची शंभर वर्षं पुरला.

१८९९ साली अंदाज सपशेल फसला. ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन एलियटने चांगला पाऊस सांगितला आणि आला तो शतकातल्या सर्वांत वाईट दुष्काळांपैकी एक. मग १९०४ साली आला गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचा गणिती, बूमरँगचा षौकीन, हवामानाची डिग्री वगैरे काही नाही. त्याने कारकुनांची फौज बसवून जगभरातल्या हवादाबाच्या, पावसाच्या, नद्यांच्या आकड्यांचे कोरिलेशन काढायला लावले. (कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा माणसाला वापरायचे.) त्यातून दक्षिणी आंदोलन सापडलं, जे आज एल निन्योच्या जोडीने घराघरात पोचलंय. वॉकरच्या समीकरणांत हिमालयातलं बर्फ होतंच, आणि ते बर्फ अजूनही कोणी वर जाऊन मोजत नव्हतं.

इथून आपण उडी मारू ती साठच्या दशकातल्या पुण्यात. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या मिर्धा नावाच्या छोट्या गावातला एक मुलगा, जगदीश शुक्ला, बनारसला शिकून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत नोकरीला लागला. तीच संस्था जी आज पाषाणला आहे. तिथून तो एमआयटीला गेला आणि ज्यूल चार्नी या दिग्गजाचा विद्यार्थी झाला. १९७६ साली त्याने डग्लस हान यांच्याबरोबर ब्लॅनफर्डचा जुना प्रश्न पुन्हा उघडला, या वेळी उपग्रहांनी काढलेल्या युरेशियातल्या बर्फाच्या नकाशांवरून. उलटं नातं दिसलं: हिवाळ्यात बर्फ जास्त, तर पुढचा मान्सून कमी. पुढच्या दशकांत हे नातं कधी ठळक दिसलं, कधी पुसट. पण शुक्लांचं दुसरं काम आपल्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचं आहे. १९८८ साली त्यांनी लेनार्ट बेंग्टसन यांच्याबरोबर एक लेख लिहिला. त्यात मांडलेली कल्पना म्हणजेच रीॲनालिसिस.

ही कल्पना आपल्या धंद्यातल्या लोकांना चटकन कळेल. हवामानाचं मॉडेल दर काही तासांनी सांगतं की आत्ता जगभर हवा अशी असायला हवी. तेवढ्यात जमिनीवरची केंद्रं, जहाजं, विमानं, फुगे, उपग्रह यांच्याकडून खऱ्या नोंदी येतात. मग मॉडेलचा अंदाज आणि नोंदी यांची तडजोड होते, कोणावर किती विश्वास ठेवायचा त्याचं वजन लावून. ही तडजोड म्हणजे ॲनालिसिस, आणि तिच्यावरून पुढचा अंदाज. हे चक्र रोज चालू असतं. म्हणजे जगाच्या हवेचा रोजचा नकाशा तयार होतो, आणि जिथे कोणतंच केंद्र नाही तिथलाही आकडा त्यात असतो, कारण मॉडेल भौतिकशास्त्राचे नियम वापरून ती जागा भरतं.

मग हे जुने रोजचे नकाशे एकापुढे एक लावले की झाला हवामानाचा इतिहास, नाही का? नाही. कारण मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललेलं असतं. समजा एखाद्या वर्षी मॉडेलचं नवीन व्हर्जन आलं, त्यात ढगांचं गणित सुधारलं, आणि त्या दिवसापासून हिमालयावरचं तापमान अर्धा अंश वाढलेलं दिसायला लागलं. ही वाढ हवामानातली की रिलीजमधली? सांगता येणार नाही. बेंग्टसन आणि शुक्लांचं म्हणणं असं की एकच व्हर्जन घ्या, ते गोठवा, आणि जुन्या सगळ्या नोंदी त्याच्यातून पहिल्यापासून पुन्हा चालवा. जुने लॉग नव्या बायनरीवर रिप्ले करणं, एवढंच. १९९६ साली युजेनिया कॅल्ने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे चाळीस वर्षांच्या नोंदींवर करून दाखवलं आणि डेटा सगळ्यांना वाटला. तो लेख या क्षेत्रात सर्वांत जास्त उद्धृत होणाऱ्यांपैकी एक आहे. युरोपच्या हवामान केंद्राने आपली आवृत्ती काढली, मग दुसरी, मग तिसरी. सध्याची सर्वांत वापरातली म्हणजे ईआरए-५. तिच्यात गोठवलेलं व्हर्जन आहे ४१आर२, २०१६ सालचं, आणि ती १९४० पर्यंत मागे जाते. आपल्याकडे नोएडाच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राने ब्रिटिश हवामान खात्याबरोबर भारतीय उपखंडासाठी वेगळी आवृत्ती काढली, इमदा नावाची, १९७९ पासूनची, बारा किलोमीटरच्या चौकोनांची.

चौकोन हा शब्द महत्त्वाचा. मॉडेल जगाकडे चौकोनांतून बघतं आणि प्रत्येक चौकोनाला जमिनीची एकच सरासरी उंची देतं. १९९६ च्या त्या आवृत्तीत चौकोन होता दोनशे किलोमीटरच्या वर. म्हणजे पुण्यापासून जवळजवळ सोलापूरपर्यंत एकच घर, त्यात बारामती, कर्जत, मिरजगाव, पंढरपूर सगळे एकत्र नांदणार. ईआरए-५ मध्ये तो एकतीस किलोमीटरवर आला. एवढ्या चौकोनात आमच्याकडे मिरजगाव, कर्जत आणि मधली गावं येतात. माळरान असल्यामुळे चौकोनाची सरासरी उंची आणि गावाची उंची यांत फार फरक नाही, आणि आजूबाजूला नगर, सोलापूर, पुणे इथल्या वेधशाळांच्या नोंदी आहेत. त्यामुळे मिरजगावच्या तापमानासाठी मी या आकड्यावर बऱ्यापैकी विसंबून राहीन. (पावसासाठी मात्र अजिबात नाही. आमच्याकडे बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो आणि दुसरं कोरडं राहतं.)

आता हाच चौकोन लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या खोऱ्यात ठेवा. तिथे छोटा शिगडी नावाची हिमनदी आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे लोक फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर २००२ पासून दर वर्षी तिच्यावर चढून बर्फ मोजतात, भारतातल्या सर्वांत नीट अभ्यासलेल्या हिमनद्यांपैकी ती एक. क्षेत्रफळ पंधरा-सोळा चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौकोनात अशा साठेक हिमनद्या मावतील. तिचं खालचं तोंड चार हजार मीटरच्या थोडं वर, तर डोकं सहा हजारांच्या पलीकडे. मॉडेलला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते गादीखाली उशी ठेवल्यावर येतो तसला एक उंचवटा. त्या उंचवट्यावरचं तापमान तो प्रामाणिकपणे सांगतो, पण तो उंचवटा प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही.

मग काय करायचं? सगळ्यात सोपा उपाय शाळेत शिकलेला: किलोमीटरभर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलं की सहाशे-साडेसहाशे मीटर चढतो, म्हणजे चारेक अंश. स्वेटर काढावाच लागतो. तेव्हा मॉडेलचा आकडा घ्या, मॉडेलची उंची आणि खरी उंची यांतला फरक काढा, साडेसहाने गुणा, वजा करा. एका ओळीचा कोड.

पण ही एक ओळ फार धोक्याची आहे. एक हिशोब करून बघू, आकडे माझे, फक्त समजायला. मॉडेलचा चौकोन चार हजार मीटरवर, तापमान सहा अंश. आपल्याला हवी ती जागा पाच हजार मीटरवर. साडेसहाच्या दराने उत्तर येतं उणे अर्धा. म्हणजे वरून पडेल ते बर्फ, खाली आहे ते तसंच राहील. पण मान्सूनच्या दिवसांत हवा ओली असते, वर जाताना वाफेचं पाणी होतं आणि त्यातून उष्णता सुटते, त्यामुळे उतार कमी असतो. समजा पाचच अंश. मग उत्तर येतं अधिक एक. आता पाऊस पडेल आणि बर्फ वितळेल. दर दीडाने चुकला, पण हिमनदीचा जमाखर्च उलटा झाला. पुण्यात दीड अंशाने काही बिघडत नाही, शून्याच्या आसपास सगळंच बिघडतं. नेपाळमध्ये लांगटांग खोऱ्यात वॉल्टर इमरझील आणि मंडळींनी उतारावर ओळीने यंत्रं लावून मोजलं तेव्हा हेच निघालं: दर ऋतूगणिक बदलतो, मान्सूनआधी तीव्र, मान्सूनमध्ये सौम्य. आणि हिमनदीचं स्वतःचंही एक प्रकरण असतं. बर्फ आपल्यावरची हवा थंड करतं, ती जड होऊन उतारावरून खाली वाहते. शेजारच्या दगडावर एक तापमान, बर्फावर दुसरंच.

म्हणून आता लोक असं करतात: हिमनदीच्या कडेला, दगडगोट्यांच्या बांधावर, एक स्वयंचलित हवामान केंद्र उभं करायचं. छोटा शिगडीला असं केंद्र २००९ पासून आहे, ४,८६३ मीटरवर. त्याच्या काही वर्षांच्या नोंदी आणि त्याच दिवसांचे मॉडेलचे आकडे शेजारी ठेवायचे, कुठल्या महिन्यात मॉडेल किती चुकतं ते काढायचं, आणि ती दुरुस्ती थेट १९७९ पर्यंत मागे लावायची. मोहम्मद फारुक आझम आणि स्मृती श्रीवास्तव यांनी २०२० साली गढवालमधल्या डोकरियानी हिमनदीसाठी ईआरए-५ वापरून असाच हिशोब मांडला, चार दशकांचा. त्या हिमनदीवर मधली कित्येक वर्षं कोणी मोजायला गेलंच नव्हतं. आता निदान एक अंदाजपत्रक आहे. काम चोख आहे. तरी माझी एक खुसपट: आज मॉडेल जेवढं चुकतं तेवढंच १९८० मध्येही चुकत होतं, हे यात गृहीत आहे. तेव्हा उपग्रह कमी होते, नोंदी कमी होत्या. गोठवलं ते सॉफ्टवेअर, इनपुट नव्हे.

दुसरा रस्ता म्हणजे मॉडेल बाजूला ठेवून जुन्या वह्या उघडणं. आणि तो रस्ता पुन्हा पुण्यातूनच जातो. २००७ साली एम. आर. भुतियानी (संरक्षण खात्याच्या हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतले) आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि एन. जे. पवार यांनी सिमला, श्रीनगर, लेह अशा जुन्या केंद्रांच्या नोंदींवरून दाखवलं की वायव्य हिमालय विसाव्या शतकात साधारण १.६ अंशांनी तापला, आणि हिवाळे जास्त वेगाने तापले. काळे सर म्हणजे दख्खनच्या नद्या आणि त्यांचे पूर यांतले जाणकार. हे आकडे कोणत्याही मॉडेलमधून आलेले नाहीत, रोज ठरल्या वेळी काचेच्या नळीकडे बघून कोणीतरी लिहिलेले आहेत. मर्यादा इतकीच की ही सगळी गावं. सिमला बावीसशे मीटर, लेह साडेतीन हजार. हिमनद्या त्याच्या वर सुरू होतात.

दोन्ही रस्ते एकमेकांना तपासतात तेव्हा काय होतं त्याचं ताजं उदाहरण एव्हरेस्टचं आहे. २०१९ मध्ये साउथ कोलवर, जवळजवळ आठ हजार मीटरवर, आणि त्याच्याही वर हवामान केंद्रं बसवली गेली. त्यांच्या मदतीने ईआरए-५ चे आकडे दुरुस्त करून आणि तिथला दहा मीटरचा बर्फाचा गाभा काढून २०२२ साली एका गटाने जाहीर केलं की साउथ कोलची हिमनदी गेल्या काही दशकांत पन्नासहून जास्त मीटर पातळ झाली असावी. जगभर मथळे. दोन हजार वर्षांचं बर्फ पंचवीस वर्षांत गेलं! पुढच्याच वर्षी फान्नी ब्रुन आणि सहकाऱ्यांनी १९८४ सालचे विमानातून काढलेले जुने फोटो आणि २०१७ चे उपग्रहाचे फोटो घेऊन पृष्ठभागाची उंची मोजली. फरक जवळजवळ शून्य. पन्नास मीटर म्हणजे सतरा मजली इमारत, ती गेली असती तर फोटोत दिसलीच असती. यावरून काही लोकांनी 'बघा, हिमनद्या वितळतच नाहीत' असं सुरू केलं. तो शुद्ध चावटपणा आहे. खालच्या उंचीवरच्या हिमनद्यांचं घटणं उपग्रहांनी, खांब रोवून, सगळ्या बाजूंनी मोजलेलं आहे. प्रश्न एवढाच की त्या एका जागी तापमानापासून वितळण्यापर्यंतच्या गणिताच्या साखळीत कुठेतरी आकडा फुगला. आणि तो पकडला गेला कशामुळे, तर १९८४ साली कोणीतरी फोटो काढून जपून ठेवले होते म्हणून.

आता पुन्हा १८७६ कडे. रीॲनालिसिसचा सगळ्यात धाडसी प्रकार आहे विसाव्या शतकाचं रीॲनालिसिस, गिल्बर्ट कॉम्पो आणि मंडळींचं. नाव विसाव्या शतकाचं, पण पहिल्या मोठ्या आवृत्तीत ते १८७१ पर्यंत मागे गेलं आणि नंतरच्या आवृत्तीत १८३६ पर्यंत. तेव्हा ना उपग्रह, ना फुगे. मग ते नोंदी कुठल्या घेतात? फक्त हवेचा दाब. समुद्राचं तापमान आणि दाबमापकांचे आकडे, बाकी सगळं मॉडेलने भरायचं. एकदा नाही, ऐंशी वेळा, थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीने. ऐंशीच्या ऐंशी उत्तरं जवळजवळ आली तर तिथला इतिहास पक्का, विखुरली तर कच्चा. उत्तरच आपली शंका बरोबर घेऊन येतं, ही मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट. आजच्या ॲप्सनी हे शिकावं.

आणि दाबमापक जितके कमी तितका विखुरलेपणा जास्त. त्यामुळे त्या काळातली एकेक वही सोन्याच्या मोलाची. मुंबईच्या हवादाबाची मालिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे, ती कुलाब्याच्या वेधशाळेमुळे. तिथे १८४० च्या दशकात सहाय्यक म्हणून नोंदी घेणाऱ्यांत एक तरुण मुलगा होता, अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढचे केरूनाना छत्रे, टिळकांचे गणिताचे गुरू, 'ग्रहसाधनाची कोष्टके'वाले. त्यांच्याबद्दल आपण वाचतो ते पंचांगाच्या वादात. पण दिवसरात्र ठरल्या वेळी उठून पाऱ्याची उंची लिहिणं, हेही त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ब्लॅनफर्डचा बर्फावरचा निबंध छापला गेला आणि केरूनाना वारले ते एकाच वर्षी, १८८४ मध्ये. नगर जिल्ह्याचं गॅझेटियरही त्याच सालचं. योगायोग आहे, दुसरं काही नाही.

१८७६ च्या दुष्काळाचं हवामानशास्त्रीय कोडं बरंचसं सुटलं ते २०१८ साली, दीप्ती सिंग आणि सहकाऱ्यांच्या निबंधात. आधीची काही वर्षं थंड पडलेला पॅसिफिक, मग १८७७-७८ चा विक्रमी एल निन्यो, त्याच्या जोडीला हिंदी महासागरातली टोकाची स्थिती आणि तापलेला उत्तर अटलांटिक. ब्लॅनफर्डला हिमालय दिसत होता, पॅसिफिक दिसत नव्हता. पाऊस का गेला हे यातून कळतं. माणसं का मेली हे त्यात नाही. त्यासाठी सार्वजनिक सभेच्या लोकांनी तालुक्यांतून आणलेले कागदच वाचावे लागतात.

आणि आजचं मिरजगाव? महाराष्ट्रात महावेध नावाच्या योजनेत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं बसवली आहेत, साधारण एका महसूल मंडळाला एक. मिरजगाव हे असंच एक मंडळ. डाळिंब, लिंबू अशा फळपिकांचा हवामानावर आधारित विमा असतो, त्यात नुकसान बघायला बागेत कोणी येत नाही. केंद्राने ठराविक दिवस ठराविक मर्यादेच्या वरचं तापमान किंवा पाऊस नोंदवला तर पैसे मिळतात, नाहीतर नाही. पंधरा किलोमीटरवरच्या माळावर खांबाला टांगलेल्या एका डब्याच्या आकड्यावरून आपल्या बागेतलं तापमान ठरतं. आमच्याकडे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना आता एक गोष्ट नेमकी माहीत असते: मंडळाचं यंत्र कुठल्या गटात आहे, त्याच्या शेजारी झाड वाढलंय का, आणि गेल्या महिन्यात ते किती दिवस बंद होतं.